बेभरवशाच्या रानाचे बियाणे

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. गावालगतच्या पांढरीच्या टेकाडांवर १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन सुरू केले आणि ते १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम चालले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नावावर जमा असलेल्या या कामाने दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव उजेडात आणले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा त्या वस्तीचा काळ. इनामगाव म्हटले की लोकांना आठवतो तो चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस, नाहीतर गावच्या मुख्याचे पाच खोल्यांचे घर आणि त्याशेजारचे धान्याचे कोठार. त्याच घरांच्या जमिनीतून, चुलींच्या राखेतून आणि कोठारांच्या तळातून निघालेल्या जळक्या दाण्यांची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

धान्याला आगीची धग लागली की एक तर त्याची राख होते, नाहीतर हवा कमी पडल्यास दाणा आकार न मोडता कोळसा होतो. कोळशाला कीड लागत नाही, तो कुजत नाही. डेक्कन कॉलेजचे वनस्पती-अवशेषतज्ज्ञ एम. डी. काजळे यांनी इनामगावचे असे दाणे भिंगाखाली तपासले. मुख्य पीक जवाचे निघाले. त्याच्या जोडीला हुलगा, मसूर, वाटाणा आणि लाख अशी कडधान्ये होती.

ही यादी नीट पाहिली तर तिच्यात दोन वाटा एकत्र आलेल्या दिसतात. हुलगा इथला, भारतीय द्वीपकल्पातच माणसाळलेला, पावसावर येणारा. मसूर, वाटाणा आणि लाख पश्चिम आशियातून जवाबरोबर फिरत आलेली, थंडीत येणारी पिके. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच घोडकाठचा शेतकरी खरीप आणि रब्बी असे दोन्ही हंगाम धरत होता आणि दोन जगांतली कडधान्ये एकाच कोठारात ठेवत होता. त्याने नदीकाठी बांध घालून पाटही काढला होता, त्याचे अवशेष उत्खननात मिळाले. पुढे हवा कोरडी होत गेली. शेवटच्या काळात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शिकारीवर आणि शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढली आणि अखेर वस्ती उठली.

जळक्या दाण्यावरून जात कळते, आकार मोजता येतो, काळ ठरवता येतो. पण त्या हुलग्यात किती प्रकारचे हुलगे होते, कोणता लवकर येणारा, कोणता पाण्याचा ताण सोसणारा, हे कोळसा सांगत नाही. त्यातला डीएनए बहुधा आगीतच गेलेला असतो. नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाला नेमके तेच हवे असते. शेतात किती जातींची पिके आहेत यापेक्षा एकाच पिकाच्या पोटात किती वेगळेपण शिल्लक आहे, हा त्याचा प्रश्न. शिरूर आणि दौंडच्या मातीत हे वेगळेपण कशाने टिकले, कशाने घटले आणि ते मोजायची विद्या कधी आली, त्याची ही हकीकत.

मोघणाची शेती

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता विरतो. मावळात भात आणि शिरूर-दौंडला बाजरी, हा फरक त्याने केला. इथे मृगात पडेल तर आर्द्रात दडी मारेल, आणि परतीचा पाऊस आला तरच ज्वारी-हरभऱ्याची आशा, असा हिशेब. अशा रानात एकाच पिकावर घर टाकणे म्हणजे जुगार. म्हणून बाजरी एकटी कधी पेरली जात नसे. तिफण पुढे चालायची आणि तिच्या मागे दोरीने बांधलेल्या मोघ्यातून बाई मुठीमुठीने तूर, मटकी, हुलगा सोडत जायची. तिफणीचे चाडे पुरुषाच्या किंवा बाईच्या हाती, मोघा मात्र बहुतेक बाईच्याच. बाजरीच्या काही ओळींनंतर एक ओळ कडधान्याची. जुलैचा पाऊस हुकला तर बाजरी गेली पण मटकी उरली. मटकी गेली तर हुलगा आहे, तो कशालाच भीत नाही. सगळे गेले तरी तुरीचे मूळ खोल असते, ती डिसेंबरापर्यंत तग धरून काहीतरी देतेच.

पेरणीचे बी घरचे असे. मळणी झाली की बाया चांगल्या भरलेल्या शेंगांचे दाणे वेगळे काढत, उन्हात वाळवत, राखेत घोळवून गाडग्यात भरत आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकत. या गाडग्यातला ‘गावठी हुलगा’ एका नमुन्याचा नसायचा. भुरे, तपकिरी, काळसर, ठिपक्यांचे असे सगळे दाणे एकत्र नांदत. त्यातली काही झाडे लवकर फुलत, काही उशिरा. एखाद्या वर्षी लवकरची साधत, एखाद्या वर्षी उशिराची. शेतकऱ्याने कोणताही एक प्रकार मुद्दाम काढून टाकला नाही, कारण पुढच्या वर्षीचा पाऊस कसा पडणार हे त्याला ठाऊक नव्हते. पिकाच्या पोटातले वैविध्य टिकले ते या अनिश्चितीमुळे. हौस म्हणून किंवा ठेवा म्हणून ते कोणी सांभाळले नव्हते.

या व्यवस्थेलाही तडे जात. दुष्काळात बियाण्याचे गाडगे फोडून खावे लागे आणि पुढच्या पेरणीला सावकाराच्या दारात उभे राहावे लागे. बी सवाई-दिढीने मिळे, म्हणजे पायली नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत. १२ मे १८७५ रोजी सुपे इथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दंग्याचे लोण इंदापूर, पुरंदर, शिरूरपर्यंत पोहोचले, त्या रागाच्या मुळाशी रोख कर्जाबरोबर हे धान्याचे देणेही होते. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीतला. दंगा शमतो न शमतो तोच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. घरोघरची गाडगी अशा वेळी रिकामी होतात आणि बाहेरून आलेले बी त्या जागी येते. पिकाच्या वंशावळीतली अशी खिंडारे कोणत्याही दप्तरात नोंदली गेलेली नाहीत.

गावाच्या बाजूची नोंद मात्र पुढे झाली, आणि तीही शिरूर तालुक्यातच. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या गावाची घरोघर पाहणी करून १९२१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मान यांनी त्याआधी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा असाच अभ्यास १९१७ मध्ये छापला होता. पहिले गाव शहराच्या सावलीतले होते, म्हणून दुसरे मुद्दाम लांबचे, कोरडवाहू निवडले. जमिनीचे तुकडे, कर्ज, बैल, पिके आणि घरखर्च यांचा त्यांनी मांडलेला ताळेबंद एकच गोष्ट बजावतो: या रानाचे अर्थशास्त्र सरासरी वर्षावर चालत नाही, ते वाईट वर्षावर चालते. कानिटकरांनी पुढचे आयुष्य कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला दिले. पाणी कमी पडते तिथे ओल कशी धरून ठेवायची, हा त्यांचा विषय. ती कमी ओल सोसणारे बी कोणते, हा प्रश्न त्याच काळात दुसऱ्या टोकाने पुढे येत होता.

शुद्ध वाणाचा काळ

१९०३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन याने घेवड्याच्या दाण्यांवर एक साधा प्रयोग केला. बाजारच्या मिश्र बियाण्यातून मोठे दाणे निवडले की पुढची पिढी मोठ्या दाण्यांची येते. पण एकाच झाडाच्या वंशातून कितीही निवड केली तरी दाणा मोठा होत नाही. स्वपरागी पिकात निवड करायची तर आधी वेगळेपण हवे, आणि निवड पूर्ण झाली की त्या वंशातले वेगळेपण संपते. शुद्ध वंशाचा हा सिद्धांत कडधान्यावरच सिद्ध झाला आणि जगभर कडधान्यांच्या सुधारणेची पहिली पद्धतही तोच ठरला.

भारतात पुसा इथल्या संशोधन संस्थेत आल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने अब्दुर रहमान खान यांच्यासोबत देशी हरभऱ्याची वर्गवारी करून ती १९१५ मध्ये छापली. फुलाचा रंग, दाण्याचा आकार, पानाची ठेवण, पक्व होण्याचा काळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर ती आधारलेली होती. भारतीय कडधान्यातले वैविध्य शास्त्रीय रीतीने मांडण्याचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न. पुढची पायरी ठरलेलीच होती. गावठी मिश्रणातून सरस झाड निवडायचे, त्याचे बी वाढवायचे आणि वाण म्हणून वाटायचे. महाराष्ट्रातल्या हरभऱ्यात निफाडच्या केंद्रातून आलेला ‘चाफा’ याच पद्धतीचा. अनेक वर्षे तो राज्यभर पेरला गेला.

याच सुमारास रशियात निकोलाय वाविलोव पिकांच्या जन्मस्थानांचा नकाशा आखत होता. १९२६ मध्ये त्याने मांडले की एखाद्या पिकाचे वैविध्य जिथे दाट असते तिथे त्याचे मूळ शोधावे, आणि पैदास करणाऱ्याने आपली सामग्री तिथूनच गोळा करावी. हिंदुस्थान हे त्याच्या यादीतले एक प्रमुख केंद्र. त्याने जगभरातून बियाणे जमवून लेनिनग्राडला साठवले आणि १९४३ मध्ये स्टालिनच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. निवड आणि संग्रह या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालल्या पाहिजेत, हे त्याच्या कामाचे सार. आपल्याकडे निवड आधी झाली, संग्रह मागाहून.

पाटाचे पाणी

खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. मुठेचा उजवा कालवा दौंड तालुक्यातल्या पाटसपर्यंत आणला होता. पुढच्या शंभर वर्षांत या पाण्यात भर पडत गेली. शिरूरमध्ये चिंचणीजवळ घोड धरण झाले, चासकमानचे कालवे आले, भीमेवर उजनी बांधल्यावर तिचे फुगवट्याचे पाणी दौंडच्या काठांना लागले. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, न्हावऱ्याला घोडगंगा. केडगावच्या बाजूची गुऱ्हाळे गूळ काढू लागली. १९९० नंतर रांजणगावला औद्योगिक वसाहत झाली आणि आसपासच्या जमिनीचा भाव पिकावर ठरेनासा झाला.

पाटाखालच्या शेतकऱ्याला कोणी दोष देऊ नये. जातेगावच्या ताळेबंदात जो बेभरवसा दिसतो तो ज्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगला, त्याला उसाच्या नगदी हमीची भूल पडली नसती तरच नवल. पण कडधान्याच्या बाजूने पाहिले तर मोघण्याचे कारणच संपले. बाजरीत मटकी, हुलगा सोडायचे ते पावसाचा विमा म्हणून. पाणी हमखास झाले तसा विमा अनावश्यक ठरला. हुलगा बांधावर, मग मुरमाड माळावर आणि शेवटी बाजारातून आणायच्या यादीत गेला. हरभरा बागायतीत टिकला, पण गावठी मिश्रणाच्या जागी पिशवीतले शिफारशीचे वाण आले. बियाण्याच्या गाडग्याचे कामच उरले नाही.

वैविध्य घटते ते असे. एका दिवशी कोणी ते नष्ट करत नाही. दरवर्षी चार घरे गावठी बी पेरायचे सोडतात, आणि ज्या घरात ते शेवटचे होते तिथल्या म्हातारीला आपण शेवटच्या आहोत हे कधी कळत नाही.

अंतर मोजण्याची विद्या

नवे वाण संकरातून काढायचे तर आई-बाप एकमेकांपासून पुरेसे दूर हवेत. जवळच्या दोन वाणांचा संकर केला तर पुढच्या पिढीत निवडायला फारसे काही निघत नाही. ‘दूर’ म्हणजे किती, याचे गणित भारतातच तयार झाले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये सामान्यीकृत अंतराची संकल्पना पूर्णत्वाने मांडली. ती मुळात माणसांच्या समूहांच्या शरीरमापांची तुलना करण्यासाठी होती: उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी अशी अनेक मापे एकाच वेळी धरून दोन समूह किती वेगळे आहेत ते सांगणारी. पीक-पैदासकारांनी ती उचलली. माणसाच्या जागी झाड आले, आणि मापांच्या जागी फुलोऱ्याचे दिवस, झाडाची उंची, फांद्या, प्रत्येक झाडावरचे घाटे, शंभर दाण्यांचे वजन. भारतातल्या कृषी विद्यापीठांत ‘डी-स्क्वेअर’ या नावाने हे विश्लेषण इतके रुळले की हरभरा, मटकी, हुलगा, मूग यांवरच्या कित्येक पदव्युत्तर प्रबंधांचा तो कणा आहे.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ च्या सुमारास स्थापन झाले आणि पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत आला. हरभऱ्यातला तिथला सर्वांत नावाजलेला वाण म्हणजे ‘विजय’. जिरायत आणि बागायत दोन्हीकडे येणारा, मर रोगाला दाद न देणारा. पुढे ‘विशाल’, ‘दिग्विजय’, ‘विराट’ आणि यंत्राने काढता येईल असा उंच ‘फुले विक्रम’ असे वाण आले.

मर हा हरभऱ्याचा जुना शत्रू. जमिनीतली फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते आणि कालपर्यंत हिरवे असलेले झाड मान टाकते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतल्या एम. पी. हवरे आणि वाय. एल. नेने यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की भारतात या बुरशीचे एक नाही, चार वेगळे वंश आहेत. एका वंशाला तोंड देणारा वाण दुसऱ्यापुढे कोसळू शकतो. अख्ख्या तालुक्यात एकच वाण उभा असेल तर बुरशीला एकच कुलूप उघडायचे असते. म्हणून पैदासकाराला प्रतिकाराची अनेक जनुके वेगवेगळ्या उगमांतून हवी असतात.

हरभऱ्याचा संकर करणे हे चिकाटीचे काम आहे. फूल उमलायच्या आतच त्याचे स्वपरागण होऊन जाते. त्यामुळे उद्या उमलेल अशी कळी आजच निवडायची, चिमट्याने तिची पाकळी हलकेच बाजूला सारायची आणि आतले दहा परागकोश एकेक करून काढायचे. कळी एवढीशी की धक्का लागला तरी गळते. मग दुसऱ्या वाणाचे पराग त्या जागी लावायचे, धागा बांधायचा, चिठ्ठी लावायची आणि वाट पाहायची. अशा किती कळ्या वाया जातात. इतक्या कष्टाने केलेला संकर दोन सख्ख्या भावंडांतला निघाला तर सगळा हंगाम फुकट. आई-बापांमधले अंतर आधी कळणे म्हणूनच मोलाचे.

मापांवरून काढलेल्या अंतराला एक मर्यादा आहे. उंची, घाटे, दाण्याचे वजन जमिनीवर आणि पावसावर बदलते. पाटसच्या काळ्या रानात डेरेदार वाढलेला वाण पाबळच्या मुरमाड माळावर खुजा दिसेल. डीएनए मात्र दोन्हीकडे तोच. १९९० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर आणि विद्या गुप्ता यांच्या गटाने हरभऱ्याच्या डीएनएवरच्या खुणा तपासायला घेतल्या. कोवळे पान कुटून त्यातला डीएनए वेगळा करायचा, त्याचे ठरावीक तुकडे यंत्रात वाढवायचे, ते जेलच्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहाने पळवायचे. आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात आणि रंगवल्यावर पट्ट्या दिसतात. दोन वाणांच्या पट्ट्या जितक्या जुळतील तितके ते जवळचे. १९९९ मध्ये या प्रयोगशाळेने राहुरीच्या एल. बी. म्हसे आणि पुढे कुलगुरू झालेले राजाराम देशमुख यांच्यासह एक शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. भारतातल्या निवडक हरभरा वाणांमधले अंतर डीएनएच्या खुणांनी ओळखता येते का आणि त्याचा संकराच्या जोमाशी संबंध लागतो का, हा त्याचा विषय. पुण्याच्या प्रयोगशाळेतली जेलची पट्टी आणि राहुरीच्या वाफ्यातले झाड एका प्रश्नासाठी समोरासमोर आणली गेली होती.

त्याच सहकार्यातून २००७ मध्ये हरभऱ्याचा एक जनुकीय नकाशा तयार झाला. त्यासाठी वापरलेल्या दोन्ही संकरांत ‘विजय’ हा एक पालक होता. एकात त्याची जोडी मर रोगाला चटकन बळी पडणाऱ्या ‘जेजी ६२’ शी, दुसऱ्यात अवर्षण सोसणाऱ्या ‘आयसीसी ४९५८’ शी. रोगाला टिकणारा आणि बळी पडणारा असे दोन टोकांचे पालक घेतले की त्यांच्या संततीत प्रतिकाराचे जनुक कोणत्या खुणेजवळ बसले आहे ते शोधता येते. नंतर पैदासकाराला रोगट वाफ्यात पीक उभे करण्याआधी रोपाच्या एका पानावरून अंदाज बांधता येतो.

या सगळ्या मोजमापांतून एक अप्रिय गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. लागवडीखालच्या हरभऱ्यातले वैविध्य मुळातच अरुंद आहे. इस्रायल आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये त्याची चार कारणे मांडली. त्याचा रानटी पूर्वज तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यातल्या लहानशा टापूपुरताच आहे. त्यातली थोडीशी झाडे माणसाळली. पश्चिम आशियात रोगाच्या भीतीने हे थंडीचे पीक वसंतात पेरले जाऊ लागले, तेव्हा त्यातले बरेच गाळले गेले. आणि शेवटी नव्या वाणांनी गावठी बियाण्याची जागा घेतली. पहिल्या तीन गोष्टी हजारो वर्षांपूर्वीच घडून गेल्या. चौथी घोडकाठी आणि भीमाकाठी आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत घडली.

पेढी आणि रान

बियाण्यांच्या पेढ्या आता मोठ्या आहेत. इक्रिसॅटने सुमारे १७ हजार हरभरा नमुन्यांतून १,९५६ नमुन्यांचा गाभासंग्रह निवडला आणि २००१ मध्ये त्यातून २११ नमुन्यांचा लघुगाभा केला, म्हणजे पैदासकाराला सगळी पेढी पालथी न घालता तिच्यातले बहुतेक वेगळेपण हाताशी येते. २०२१ मध्ये ३,३६६ हरभरा नमुन्यांच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, त्यात १९५ रानटी होते. पण पेढीही संकटात सापडू शकते. सीरियातल्या अलेप्पोजवळची इकार्डा या संशोधन संस्थेची पेढी युद्धात अडकली तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बियाणे-साठ्यातून तिच्या बियाण्यांच्या प्रती परत मागवाव्या लागल्या. शिवाय थंड खोलीत ठेवलेले बी बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला शिकत नाही. ते फक्त रानात, पेरण्या-काढण्यांत घडते.

महाराष्ट्रात या बाजूचे सर्वांत ठळक नाव अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे. वाल-घेवड्याचे गावठी प्रकार त्यांनी घराघरांतून जमवले, वाढवले आणि वाटले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाला बाएफ संस्थेचा हात मिळाला, आणि बाएफचा जन्म १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांच्या पुढाकाराने उरुळीकांचनला, म्हणजे दौंडच्या वेशीजवळ झाला. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याची सोय केली. २०२२ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. म्हणजे कायदा आहे, पेढी आहे, मोजायची विद्या आहे.

गोळा करायचे ते मात्र उसाच्या फडात सापडणार नाही. शिरूरच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही गावे वर्षानुवर्षे पाण्याची मागणी करत आली आहेत. दौंडच्या दक्षिणेला रोटी, हिंगणीगाडा, जिरेगाव, पडवी, कुसेगाव हा जिरायत पट्टा जनाई-शिरसाई उपसा सिंचनाच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतो. हुलगा, मटकी आणि गावठी तुरीचे जुने बी कुठे तग धरून असेल तर अशाच मुरमाड रानात, कारण तिथे विम्याची गरज अजून संपलेली नाही. आणि हवामान जसजसे लहरी होत चालले आहे, तसतशी पाटाखालच्या रानालाही तेच गुण लागणार आहेत: लवकर येणे, ओल थोडी असताना दाणा भरणे, मधली दडी सोसणे.

इथे एक न्यायाचा प्रश्न उभा राहतो. पाणी सगळ्यांना हवे आणि पाबळला किंवा पडवीला ते मिळालेच पाहिजे. बियाण्याचे संग्रहालय म्हणून कोणत्याही गावाला कोरडे ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. पण पाणी पोहोचण्याआधी बी गोळा करता येते. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. गाव, जमीन, पेरणीचा महिना, ते बी घरात किती पिढ्यांपासून आहे आणि त्याला त्या घरात काय म्हणतात, एवढे प्रत्येक पिशवीवर लिहायला हवे. त्याशिवाय तो नमुना पेढीत नुसता क्रमांक होऊन राहतो. ज्या घरातून ते आले त्या घराचे नाव नोंदले गेले तर पुढे त्या बियाण्यातून वाण निघाल्यावर कायद्याने त्याचा वाटाही मागता येतो. १८७५ मध्ये भीमथडीच्या शेतकऱ्याने बियाण्याच्या बदल्यात दिढी दिली. आता बी देणारा तो आहे आणि घेणारे विद्यापीठ किंवा कंपनी, तर हिशेबाची वही या वेळी त्याच्या नावाने उघडली पाहिजे.